घटस्फोट घेणारे नवरा-बायको खरंच मित्र राहू शकतात का?

प्रश्न असा आहे: परस्पर संमतीने अर्ज केलाय, कायद्याने फेरविचारासाठी ठेवलेली सहा महिन्यांची मुदत चालू आहे, पण दोघं अजून रोज रात्री एकत्र जेवतात, एकमेकांच्या आईला दवाखान्यात नेतात, शनिवारी सिनेमाही बघतात. मित्रमंडळी वैतागलीत. "एक तर नीट भांडा, नाहीतर नीट नांदा" म्हणतात. असली जोडपी पडद्यावर शोभतात, खऱ्या आयुष्यात हे टिकतं का?

टिकतं. आमचं टिकलंय. पण या सहा महिन्यांतल्या जेवणांवरून पुढचा अंदाज बांधू नका. त्या मुदतीत सगळेच गोड वागतात. घर सोडून निघालेला भाडेकरू शेवटच्या महिन्यात रोज जिना झाडतो तसं.

मी कोल्हापूरची. माहेर शिवाजी पेठ, सासर मंगळवार पेठ. बाहेरच्यांना यात काय विशेष ते कळायचं नाही. शाहू स्टेडियमवर शिवाजी (आमच्या पेठेचा फुटबॉल संघ) आणि पाटाकडील (त्यांच्या पेठेचा) भिडले की त्या आठवड्यात या पेठेतला पाहुणा त्या पेठेत जेवायला जात नाही. आमच्या लग्नात पत्रिका आडवी आली नाही, हुंड्याचा विषय निघाला नाही. माझ्या भावाने एकच प्रश्न विचारला, "पाटाकडीलचा पोरगा?" आणि उठून गेला. नंतर तोच भाऊ वरातीत सगळ्यात पुढे नाचला, ते सोडा.

नवरा (सवयीने हाच शब्द येतो, तुम्ही समजून घ्या) उद्यमनगरात फौंड्रीसाठी लागणारे पॅटर्न करतो. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. कॉलेजपासूनची ओळख, म्हणून अहो-जाहो कधी नव्हतंच. वेगळं व्हायचं कारण एकच: मला मूल नको होतं. लग्नाआधी स्वच्छ सांगितलं होतं. त्याने ऐकलंही होतं. पुढची काही वर्षं आम्ही दोघांनी दुसऱ्याचं मन बदलायची वाट बघितली, आणि कुणाचंच बदललं नाही. यात दोष द्यायला कुणी सापडेना, त्यामुळे भांडणालाही तोंड फुटेना. घर हसतं-खेळतं होतं. तेच हळूहळू सोसवेना.

इथे कायद्याचं थोडं सांगते, कारण आमची मैत्री राहिली याचं निम्मं श्रेय त्याला आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्पर संमतीचं कलम, १३ ब, त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आलं. त्याआधी वेगळं व्हायचं तर कुणाच्या तरी माथी व्यभिचार, वेड, असलं काहीतरी मारावं लागायचं. त्या काळातल्या जोडप्यांना हसतखेळत वेगळं व्हायची सोयच नव्हती. कोर्टाच्या पायरीवर एकाला तरी वाईट ठरावंच लागे. तसं बघितलं तर शाहू महाराजांनी करवीर संस्थानात त्याच्या कितीतरी आधी घटस्फोटाला कायद्याची मान्यता दिली होती. या गावाला एव्हाना सवय व्हायला हवी होती. झालेली नाही.

वकिलांकडे आम्ही एकाच गाडीवर गेलो. तो पुढे, मी मागे, मांडीवर कागदांची पिशवी. वकीलसाहेबांना वाटलं वाटणीपत्र करायचंय, त्यांनी कौतुकाने चहा सांगितला. काम कळल्यावर म्हणाले, "कोर्टात तरी वेगवेगळे या."

अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. २०१९ च्या शेवटी मी आमच्या नागाळा पार्कातल्या फ्लॅटवर राहायला गेले होते, त्यामुळे ती अट सहज पुरी झाली. पण समजा तुम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहत असाल, तरी बिघडत नाही. सुरेष्टा देवी विरुद्ध ओम प्रकाश या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की एका छपराखाली राहूनही माणसं वेगळी असू शकतात. नवरा-बायको म्हणून नांदता का, एवढंच बघायचं. त्याच निकालात दुसरीही एक गोष्ट आहे आणि तुमच्या दृष्टीने ती महत्त्वाची. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणजे त्या सहा महिन्यांत दार उघडंच असतं. म्हणूनच तर प्रत्येक फोनचा, प्रत्येक डब्याचा आपण दुसरा अर्थ काढत बसतो.

२०१७ पासून काही अटींवर ही मुदत माफ करून घेता येते (अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर). वकीलसाहेबांनी विचारलं, तसा अर्ज करू का? आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "असू दे की, घाई काय." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला.

समुपदेशक मॅडमनी विचारलं, "मतभेद नेमके कशावरून?" तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "फुटबॉलवरून." मला हसू आवरेना. मॅडमनी आमच्याकडे बघत बराच वेळ काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल यावर आमच्या पैजा लागल्यात, त्या अजून मिटलेल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. अशा मैत्रीत दोघांपैकी एक जण थांबलेला असतो. तोंडाने म्हणतो मित्र आहोत, आणि मनात दिवस मोजतो. तुमच्या दोघांत तो कोण आहे हे शोधून काढा, कारण मैत्रीचा सगळा खर्च तो एकटा उचलत असतो. आमच्यात आधी तो होता. लॉकडाऊनमध्ये पोलिसांच्या नाकाबंदीतून दूध घेऊन यायचा. गीझर दुरुस्त करून गेला. नळ गळत नव्हता तरी वॉशर बदलून गेला. दारातच उभा राहायचा, आत ये म्हटलं तर "नको, हात काळे आहेत" म्हणायचा. मला ते बरं वाटायचं. त्याला कसं वाटत असेल हा विचार मी त्या काळात फारसा केला नाही, कारण करायची गरज पडत नव्हती. थांबलेलं माणूस फार सोयीचं असतं.

वाटणीतही काही अडलं नाही. भांडी, फर्निचर, दागिने, अर्ध्या दिवसात झालं. अडलं ते चटणीवर. कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण, खोबरं, मसाले भाजायचे आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. सासूबाईंची चटणी म्हणजे आमच्या आळीत शेवटचा शब्द. मी त्यांना आत्या म्हणते, त्या माझ्याशी महिनाभर बोलत नव्हत्या. आणि त्या मे महिन्यात माझ्या दारात चटणीची बरणी. घेऊन आलेला तो. मी म्हटलं, "आत्यांना सांग, आता बरं दिसत नाही." तो म्हणाला, "मी सांगितलं. म्हणाली, तिच्या आईची चटणी मिळमिळीत असते, पोरगी उपाशी मरंल." यावर शिवाजी पेठेतून जो निषेध झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मग जुलै २०२१ आला. कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला थोडे दिवस राहिले होते आणि पंचगंगा चढायला लागली. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस फुटांतच बोलतो: राजाराम बंधाऱ्यावर ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ चा महापूर बघितलेल्यांना ४३ ऐकूनच पोटात गोळा येतो, आणि त्या वेळी पाणी त्याच्याही बरंच वर गेलं. नागाळा पार्कात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, लाईट गेली. तो मांडीपर्यंत पँट दुमडून न्यायला आला. जायचं कुठं? माझ्या माहेरी आधीच चिखलीचे पाहुणे येऊन राहिलेले. मग मंगळवार पेठ.

आळीत काय झालं असेल याची कल्पना करा. शेजारच्या काकू वाटीभर साखर घेऊन आल्या. "शहाणी झालीस बघ," म्हणाल्या. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यामुळे शहराचं नळाचं पाणी बंद, टँकर आला की सगळी आळी रांगेत. त्या रांगेत आम्ही दोघं घागरी घेऊन शेजारी शेजारी उभे, आणि पुढचे लोक वळून वळून बघतायत. वकीलसाहेबांना कुठूनसं कळलं. त्यांचा फोन: "ताई, पुरात माणूस कुठंही जातंय, मान्य. पण तुम्ही सासरी गेलाय!"

तिथे राहिल्यावर मला काय झालं कोण जाणे. आत्यांच्या हातचा भात, माडीवरची ती जुनी खाट, रात्री अंधारात रेडिओवर पाण्याची पातळी ऐकत बसलेले सासरे. एका रात्री मी ठरवलं की म्हणायचं, कागद मागे घेऊया. मुलाचं काय, तर बघू म्हणायचं. मी 'बघू'पर्यंत आले होते, आणि माझ्या ओळखीच्या कुणालाही ते खरं वाटलं नसतं.

तो गच्चीवर आला. हातात कागद, मोबाईलची बॅटरी लावलेली. म्हणाला, "एक काम होतं. रागावू नकोस."

"बोल."

"मावशीनं गडहिंग्लजचं एक स्थळ आणलंय. तारीख झाल्यावरच बघायचं, आत्ता काय नाही. पण बायोडाटा मागितलाय. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिला. खरंच सांगते, मी माझ्या नवऱ्याचा बायोडाटा स्वतःच्या हाताने लिहिला, त्याने बॅटरी धरली होती. उंची पाच फूट सात. तो म्हणाला, "आठ लिही की." मी म्हटलं, "मी बघितलंय." शिक्षण, व्यवसाय, स्वतःचं घर. स्वभाव: शांत, मनमिळाऊ, कष्टाळू. त्याने वाचलं आणि म्हणाला, "आयला, एवढा चांगला असलो तर सोडतीस कशाला?" आम्ही दोघं इतके हसलो की खालून आत्यांनी विचारलं, काय झालं रे. शेवटी अपेक्षा हा रकाना राहिला. "तूच लिही, तुला माहिताय," म्हणाला. मी लिहिलं: मुलांची आवड असावी.

तो काही बोलला नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खाली जाऊन माझ्यासाठी पांघरूण घेऊन आला.

त्याचं थांबणं कधीतरी, बहुतेक त्या वॉशरच्या आसपास, संपलं होतं. माझं मात्र तेव्हा सुरू झालं होतं. मैत्री टिकायला दोघांनीही थांबणं सोडावं लागतं, आणि ते एकाच वेळी सुटत नाही.

तारखेला बावड्याला कोर्टात गेलो. वेगवेगळे. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली नाही ना? दोघांनी नाही म्हटलं. जेमतेम काही मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर मिसळ खाल्ली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. त्याने माझ्या ताटलीतला एक स्लाइस उचलला, मग एकदम थांबून विचारलं, "घेऊ का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, ती तुम्हालाही करायला सांगेन. मी म्हटलं, आता फोन नको, मेसेज नको, नळ दुरुस्ती नको. तो म्हणाला, "किती दिवस?" मी म्हटलं, "मोरॅटोरियम समज." २०२० मध्ये त्याच्या कारखान्याच्या कर्जाला तो (हप्ते काही महिने थांबवायची मुभा) मिळाला होता, त्यामुळे लगेच कळलं. "म्हणजे व्याज चालू राहणार," म्हणाला.

कोल्हापुरात अबोला पाळणं सोपं नाही. गंगावेशीत दूध प्यायला थांबलं तर तिथे, रंकाळ्यावर चालायला गेलं तर तिथे, लग्नसराईत तर एकाच पंगतीत. दिसला की मान हलवायची, एवढंच ठरलं. शिवाजी-पाटाकडील सामन्याला मी भावाबरोबर गेले, समोरच्या गॅलरीत तो. आम्ही हरलो. एरवी अशा वेळी त्याचा चिडवायचा फोन यायचा. तो आला नाही, आणि सामना हरल्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. पण ते लागणं आवश्यक होतं. रोज एकत्र जेवत राहिलो असतो तर ते कधी लागलंच नसतं, आणि मी आजही दर शनिवारी कुणाच्या तरी सिनेमाची वाट बघत बसले असते.

गडहिंग्लजचं स्थळ जुळलं नाही. नंतर दुसरं जुळलं. लग्नाला मला बोलावणं होतं, मी गेले नाही, आहेर पाठवला. अबोला सुटला तो त्यानंतर, आणि त्याच्यामुळे नाहीच. एका दुपारी बँकेत मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, मी यांची मिसेस बोलतेय. राग मानू नका, पण यांच्या विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून अजून तुमचं नाव आहे." मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "सॉरी नको, फॉर्म कुठला भरायचा ते सांगा. यांना विचारलं तर हसतायत." मग मी तिला सगळं समजावून सांगितलं: घटस्फोटाने नॉमिनी आपोआप बदलत नाही, विमा, बँक खातं, पीएफ, प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज द्यावा लागतो. बोलता बोलता ती म्हणाली, "आणि हे झोपेत बोलतात ते आधीपासूनच का?" मी म्हटलं, "पाटाकडील हरली की जास्त." तिथून आमची ओळख वाढली. खरं सांगायचं तर आज मी त्याच्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलते. घटस्फोटानंतरची मैत्री राहणार की नाही हे तुम्ही दोघं ठरवता असं तुम्हाला वाटत असेल, तर जरा थांबा. ते पुढे येणारं तिसरं माणूस ठरवतं. तिने नको म्हटलं असतं तर मी गुपचूप बाजूला झाले असते, आणि तिचं काही चुकलंही नसतं.

त्यांना मुलगी झाली. बारशाला प्रश्न उभा राहिला की तिने मला काय म्हणायचं. आत्या सुचवलं कुणीतरी, तर तो ताडकन म्हणाला, "आत्या म्हणजे ही माझी बहीण? डोकं फिरलंय काय?" सगळा मांडव हसला. शेवटी त्याची बायको म्हणाली, "मावशी म्हणंल. माझी बहीण." माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण बारशाला पाणी येतंच सगळ्यांच्या, कुणी लक्ष दिलं नाही. मला अजूनही मूल नको आहे. पोरगी मात्र गोड आहे. तिला फुटबॉलचा पहिला टी-शर्ट मीच नेला, शिवाजीचा. तिच्या आजोबांनी तो फरशी पुसायला घेतला.

तर तुमचं. आज रात्री जेवायला बसलात की समोरच्याला एवढंच सांगून बघा: "पुढच्या आठवड्यात मी एकाला भेटायला जाणार आहे," किंवा एकीला. खोटं असलं तरी चालेल. कुणाचा घास घशात अडकतो ते बघा. तुमचाच अडकला तर संमती मागे घ्यायचा हक्क अजून तुमच्याकडे आहे, त्याबद्दल वकिलांशी नीट बोला. कुणाचाच अडकला नाही तर छानच. एकाचाच अडकला, तर जेवणं बंद करा. त्याच्यावर दया म्हणून बंद करा.

आणि घर दोघांच्या नावावर असेल तर कर्जाचं आधी बघा. कोर्टाच्या हुकूमनाम्यात काहीही लिहिलेलं असो, बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच राहतात. एकाला बाहेर पडायचं तर दुसऱ्याचं उत्पन्न पुरेसं आहे हे बँकेला पटावं लागतं. घर एकाच्या नावावर करायचं असेल तर बँकेची ना-हरकत घेऊन बक्षीसपत्र हुकूमनाम्याच्या आधी करा. नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र आहे, घटस्फोट झाला की तुम्ही त्या सवलतीत बसत नाही. आमचं आम्ही तारखेच्या आधीच उरकलं. कारण म्हणून काय लिहायचं असं विचारल्यावर कळलं की त्याचा मजकूर ठरलेला असतो: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी. त्याने सही करताना ते मोठ्याने वाचलं आणि लिहिणाऱ्याला म्हणाला, "बरोबर आहे, राहू दे."